इथियोपिया : पठारावरचा देश

(दृश्य : पहाटेचं अदिस अबाबा. निळ्या-पांढऱ्या मिनीबसची रांग.)

अदिस अबाबातला टॅक्सीवाला सांगतो, "उद्या सकाळी दोन वाजता येतो." दचकू नका. तो आठ वाजता येणार आहे.

इथे दिवस मध्यरात्री बदलत नाही, उजाडल्यावर बदलतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. भर दुपारी बारा वाजता त्यांच्या घड्याळात सहा वाजलेले असतात, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा एकपासून मोजणी. विषुववृत्त फार लांब नाही, त्यामुळे सूर्य बारा महिने साधारण सहा-साडेसहालाच उगवतो आणि हा हिशेब कधी फारसा चुकत नाही.

बारा महिने म्हटलं खरं, पण इथे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि उरलेल्या पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे. नवं वर्ष सप्टेंबरात लागतं, आणि सालही आपल्या सात-आठ वर्षं मागे : 11 सप्टेंबर 2025 रोजी इथे 2018 साल सुरू झालं. सरकारी कागदावर, पावतीवर हीच तारीख असते. 'तेरा महिने ऊन' अशी पर्यटन खात्याची जाहिरात कित्येक वर्षं चालली. जून ते सप्टेंबर इथे चांगला झोडपून पाऊस पडतो, हे जाहिरातीत नव्हतं.

(दृश्य : ड्रोनमधून पठार, खोल दऱ्या, कड्यांवरची शेतं.)

या देशाची किल्ली आहे त्याच्या उंचीत. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, कळसूबाई, 1,646 मीटर. अदिस अबाबा हे लाखोंचं शहर वसलंय 2,300 मीटरच्याही वर. विमानातून उतरून बॅगा घेऊन दोन जिने चढलात की धाप लागते. उत्तरेला सिमियन डोंगरातलं रास दशेन शिखर साडेचार हजार मीटरच्या पुढे जातं. पाऊस भरपूर, हवा थंड, जमीन सुपीक. म्हणून बारा कोटींहून जास्त लोकवस्तीतला मोठा हिस्सा वर, पठारावर राहतो. आफ्रिकेत लोकसंख्येत यापुढे फक्त नायजेरिया.

याच डोंगरांत, अदवा इथे, 1 मार्च 1896 रोजी सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या फौजेने इटलीचा पराभव केला. श्रेय डोंगरांना द्यायचा मोह होतो. पण मेनेलिकने आधीची कित्येक वर्षं बंदुका जमवल्या होत्या आणि एरवी आपसांत भांडणारे सरदार एका झेंड्याखाली आणले होते. पुढे 1936 ते 1941 इटलीने देश व्यापला, तेवढाच काय तो परका अंमल.

(दृश्य : मीठ लादलेल्या उंटांची रांग.)

आता पठाराच्या कडेवरून ईशान्येला उतरू या. दनाकिलचा खोलगट भाग समुद्रसपाटीच्याही शंभर मीटरहून जास्त खाली आहे. दल्लोल इथे वर्षभराचं सरासरी तापमान 34 अंशांच्या वर नोंदलं गेलंय. दुपारचं नव्हे, दिवसरात्र धरून सरासरी. या भट्टीत अफार लोक पूर्वापार जमिनीतून मिठाच्या लाद्या कापून काढतात आणि उंटांवर लादून वर पाठवतात. मिठाच्या विटा इथे विसाव्या शतकापर्यंत नाणं म्हणून चालल्या. मीठ आहे, समुद्र मात्र नाही. 1993 मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि किनारा गेला. आता बहुतेक माल जिबूतीच्या बंदरातून येतो, साडेसातशे किलोमीटरच्या विजेच्या रेल्वेने आणि ट्रकांनी.

पाणी मात्र देशाबाहेर वाहून जातं. ताना सरोवरातून निघणारी अबाय, म्हणजेच निळी नाईल, इजिप्तला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा पुरवते. तिच्यावरच्या महाधरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं, उद्घाटन झालं सप्टेंबर 2025 मध्ये. इजिप्तचा विरोध होता, बाहेरचं कर्ज मिळेना. तेव्हा लोकांनी रोखे घेतले, नोकरदारांनी पगारातून पैसे दिले.

(दृश्य : खुलताबाद, मलिक अंबरची कबर.)

जुन्या मराठी कागदांतले हबशी इथलेच. 1548 च्या सुमारास इथे जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला : मलिक अंबर. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं. शहराला पाणी देणारी त्याची नहर आजही अभ्यासक पाहायला येतात.

(दृश्य : मेसोबवर, म्हणजे विणलेल्या टोपलीच्या मेजावर, वाढलेली इंजेरा.)

जेवणाचं काय? शाकाहारी माणसाची इथे उपासमार होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, ईस्टरआधी सलग 55 दिवस, शिवाय इतर. उपास म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. 'त्सोम' एवढंच म्हणा, वेटरला कळतं. 'बेयाइनेतू' मागवा : तेफ या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली मोठी इंजेरा, तिच्यावर मसूर, कोबी, बीट, पालेभाजी आणि मधोमध शिरो. हा शिरो गोड नव्हे. हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेर्बेरे नावाचा लाल तिखट मसाला, अगदी पिठलंच. सगळे एकाच ताटात, उजव्या हाताने. समोरच्याने घास करून तुमच्या तोंडाशी आणला तर तोंड उघडा. त्याला गुर्शा म्हणतात, नाही म्हणणं वाईट दिसतं.

मग कॉफी. हिरवे दाणे तुमच्यासमोर भाजले जातात, कुटले जातात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना, बराका. पहिल्या फेरीनंतर उठणं बरं नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. इथे पिकणाऱ्या कॉफीतली जवळपास निम्मी इथेच पिऊन संपते.

(दृश्य : बोले विमानतळ.)

यायचं तर ऑक्टोबर ते जानेवारी. पावसानंतरचं पठार हिरवंगार असतं, आणि 19 जानेवारीच्या सुमारास तिमकतचा, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा, उत्सव. मुंबईहून अदिसला थेट विमान आहे. चलन बिर, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पहिला दिवस हळू चाला, पाणी प्या. उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातलं युद्ध नोव्हेंबर 2022 च्या कराराने थांबलं, पण त्यानंतर अम्हारा भागात चकमकी सुरू झाल्या, आणि लालिबेलाची दगडात कोरलेली चर्चेस तिथेच आहेत. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र जाताना कुणी विचारो न विचारो, परत भारतात उतरल्यावर विचारतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.