आठवा प्रश्न

पहाटेचे पाच. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या गप्पांत ऊसदर निघतो, खासबागेतल्या जुन्या कुस्त्या निघतात. रात्री लघवीला आपण चारदा का उठलो, हे मात्र निघत नाही.

हे आबा. सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, हा कैक वर्षांचा नेम. तो मोडला. चैत्रातली जोतिबाची यात्राही सुटली. "गुडघं दुखत्यात," म्हणतात. गुडघे ठणठणीत आहेत! पुण्याला लेकीकडं निघायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एसटी कुठं थांबणार, एवढाच घोर. आणि त्यांच्यासोबत आजींचीही झोप चारदा मोडते, ते तर कुणी विचारतच नाही.

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तरुणपणी अक्रोडाएवढी. वयानुसार ती वाढते आणि तिच्यातून जाणारी लघवीची नळी आवळते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. गंमत म्हणजे सोनोग्राफीत ग्रंथी जेवढी मोठी, तेवढा त्रास जास्त, असंही नसतं.

नळीचे स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचा फरक काही दिवसांत जाणवतो. ग्रंथी आक्रसवणाऱ्या गोळ्यांना सहा महिनेही लागतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी मात्र लघवी पार अडू शकते. अडली किंवा रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठायचा.

त्रास मोजायला डॉक्टरांकडं एक प्रश्नावली असते. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढं तीव्र. आठवा प्रश्न या बेरजेत धरत नाहीत: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं, तर कसं वाटेल?

आबांनी सात उत्तरं पटापट दिली. आठव्याला अडले. मग म्हणाले, "वयच झालंय की आता. चालायचंच."

आजी शेजारीच बसल्या होत्या.

"आन् गंगावेशीत जाऊ वाटत न्हाई व्हय?"

आबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. "ल्ह्या," म्हणाले, "लई वाईट वाटंल."