शिकागोच्या नैर्ऋत्येला: एका कालव्याकाठची गावं

(दृश्य: लेमॉन्टच्या हिंदू मंदिराचं गोपुर. पार्किंगमधून निघणाऱ्या गाड्या.)

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना लेमॉन्ट माहीत असतं ते या मंदिरामुळे. दर्शन घ्यायचं, विवेकानंदांच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा आणि गाडी पुन्हा नेपरव्हिलकडे वळवायची. मंदिरासमोरचा लेमॉन्ट रोड मात्र दक्षिणेकडे एका लांबलचक पुलावर चढतो. पुलाखाली डे प्लेन्स नदी, मालवाहू बोटींचा मोठा कालवा, रेल्वेचे रूळ. पलीकडे चर्चच्या मनोऱ्यांचं जुनं गाव, आणि त्या गावातून जाणारं संथ, शेवाळलेलं पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तुंबलेला नालाच वाटेल.

हा इलिनॉय-मिशिगन कालवा. लांबी ९६ मैल, म्हणजे साधारण १५५ किलोमीटर. आज आपण त्याच्या कडेकडेने जाणार आहोत. वाटेतलं कुठलंही गाव शिकागोहून दोन तासांच्या आतलं, त्यामुळे सकाळी निघून रात्री जेवायला घरी.

(दृश्य: नकाशा. मिशिगन सरोवर, इलिनॉय नदी, मिसिसिपी.)

या भागात एक गंमत आहे. सरोवराकडे जाणारं पाणी आणि मिसिसिपीकडे जाणारं पाणी, यांच्यामधला उंचवटा इतका कमी, की ओल्या हंगामात आदिवासी आणि फ्रेंच व्यापारी दलदलीतून होड्या ओढत पलीकडे जायचे. १६७३ साली लुई जोलिए आणि फादर मार्केट इथून गेले, तेव्हाच जोलिएच्या डोक्यात आलं, की इथे छोटासा कालवा खणला तर जहाज थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाईल.

त्यावर कुदळ पडायला १८३६ उजाडलं. मुहूर्त ४ जुलैचा. खणणारे हात मुख्यतः आयरिश स्थलांतरितांचे. हत्यारं म्हणजे फावडी, कुदळी आणि सुरुंगाची दारू. मधे राज्याची तिजोरी रिकामी झाली, काम काही वर्षं बंदच पडलं. अखेर १८४८ च्या एप्रिलमध्ये ‘जनरल थॉर्नटन’ ही बोट न्यू ऑर्लिन्सहून आलेली साखर घेऊन शिकागोत पोचली.

आता क्रम नीट बघा. कालवा आधी ठरला. त्याच्या खर्चासाठी सरकारने दिलेली जमीन विकायची होती, म्हणून कालव्याच्या आयुक्तांनी १८३० मध्ये दोन टोकांकडे दोन गावं आखून घेतली. एक शिकागो, दुसरं ओटावा. शिकागोत तेव्हा शंभर माणसंही नव्हती. १८५० च्या जनगणनेत ती तीस हजारांच्या घरात गेली. ओटावा मात्र छोटंच राहिलं, आणि मला विचाराल तर आज बघायला तेच जास्त बरं आहे.

(दृश्य: लेमॉन्ट. पाण्याने भरलेल्या दगडखाणी.)

पण आधी लेमॉन्ट. कालवा खणताना इथे पिवळसर चुनखडीचा दगड लागला. अडथळा म्हणून फोडायला घेतलेला दगडच पुढे गावाचा धंदा झाला. शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवरचा वॉटर टॉवर आपण सगळ्यांनी पाहिलाय. १८६९ ची ती इमारत याच खोऱ्यातल्या दगडाची. १८७१ च्या आगीत सभोवतालचं शहर जळालं, ती टिकली. दगड फोडणाऱ्यांची गोष्ट तितकी फोटोत येत नाही. १८८५ च्या मे महिन्यात मजुरी कापली म्हणून इथल्या खाणकामगारांनी संप केला, राज्याने सैनिक पाठवले, त्यांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या खाणी आता तळी झाल्या आहेत. लोक काठावर गळ टाकून बसतात.

(दृश्य: लॉकपोर्ट. गेलॉर्ड बिल्डिंग.)

लॉकपोर्टमध्ये कालव्याचं मुख्यालय होतं. १८३८ ची ही दगडी इमारत कालव्याचं सामान ठेवायला बांधलेली. गावाचं नाव ज्यावरून पडलं ते लॉक इथून सुरू होतात, तेव्हा ते चालायचे कसे ते इथेच समजून घेऊ. सरोवरापासून कालव्याच्या पश्चिम टोकाच्या लासाल गावापर्यंत जमीन सुमारे १४० फूट उतरते. बोट काही जिना उतरत नाही. म्हणून ठरावीक अंतरावर दगडी हौद बांधायचे, दोन्ही तोंडांना लाकडी दारं. बोट आत आली की मागचं दार बंद. मग पुढच्या दारातल्या झडपा उघडून हौदातलं पाणी हळूहळू सोडायचं. पाण्याबरोबर बोट खाली बसते, दोन्हीकडची पातळी एक झाली की पुढचं दार उघडतं. ना इंजिन, ना पंप. सगळं वजन पाणीच पेलतं. आणि बोट ओढायला काठावरून चालणारी खेचरं.

खेचरांची ती वाट अजून आहे. तीच आता चालायची आणि सायकलची वाट झाली आहे, पश्चिमेकडे लासालपर्यंत साठेक मैलांची. चॅनाहनला लॉकच्या रखवालदाराचं पांढरं लाकडी घर तिच्यावरच लागतं. मॉरिसला चहा-कॉफीपुरतं थांबा.

(दृश्य: सेनेका. धान्याचं जुनं उंच कोठार. पुढे इलिनॉय नदी.)

सेनेका हे गाव गाडीतून दोन मिनिटांत संपतं. समुद्र इथून शेकडो मैल लांब. तरी दुसऱ्या महायुद्धात या मक्याच्या शेतांमधल्या गावात १५७ युद्धनौका बांधल्या गेल्या. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी, एलएसटी नावाची ती जहाजं. इथून नदीत सोडायची, मिसिसिपीने न्यू ऑर्लिन्सला न्यायची, तिथून युद्धावर. आज ते सांगणारं फारसं काही दिसत नाही.

(दृश्य: ओटावा. वॉशिंग्टन चौक. लिंकन आणि डग्लस यांचे पुतळे.)

ओटावाला मात्र निवांत वेळ द्या. फॉक्स नदी इथे इलिनॉय नदीला मिळते. ऑरोराच्या लोकांनो, हीच ती तुमच्या गावातली फॉक्स. तिला ओलांडायला कालवाच पुलावर चढवला होता: खाली नदी, वर बोटी.

या चौकात २१ ऑगस्ट १८५८ ला अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात वादसभांपैकी पहिली सभा झाली. विषय गुलामगिरी. लोक रेल्वेने, घोडागाड्यांनी आणि कालव्यातल्या बोटींनी आले. पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास, मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास. ऑगस्टच्या उन्हात तीन तास, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय. दोघेही सिनेटच्या एकाच जागेसाठी उभे होते. ती लिंकनना मिळाली नाही. दोन वर्षांनी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

श्रोत्यांत कुणी सिव्हिल इंजिनिअर असेल तर त्यांच्यासाठी थोडं. सिमेंटची ताकद तपासायला भारतात एन्नोरची प्रमाणित वाळू वापरतात, तशी अमेरिकेत ओटावाची. इथला वालुकाश्म इतका शुद्ध, की काच कारखान्यांनी गावाशेजारीच मुक्काम ठोकला.

(दृश्य: हातात ब्रश आणि ट्युलिपचं फूल घेतलेल्या तरुणीचा ब्राँझचा पुतळा.)

आणि ही मुलगी. हा पुतळा २०११ मध्ये बसवला. १९२० च्या दशकात ओटावात ‘रेडियम डायल’ नावाची कंपनी होती. शेजारच्या पेरू गावातल्या वेस्टक्लॉक्स कारखान्यातल्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून ते रेडियमच्या रंगाने रंगवायचं काम इथे चाले. रंगवणाऱ्या बहुतेक गावातल्या तरुण मुली. पगार चांगला. आकडा बारीक यायला हवा, तर ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, आणि तसं करायलाच शिकवलं जाई. रंगाने काही होत नाही, असं सांगितलं होतं.

शरीर रेडियमला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. आधी दात पडू लागले, मग जबडे सडले, गाठी झाल्या. न्यू जर्सीतल्या अशाच कामगार मुलींचा खटला वर्तमानपत्रांत गाजत होता, तरी ओटावात काम सुरूच राहिलं. अखेर कॅथरीन वुल्फ डोनोह्यू आणि तिच्या मैत्रिणी राज्याच्या औद्योगिक आयोगापुढे गेल्या. १९३८ मध्ये कॅथरीनने काही साक्ष घरी कोचावर पडून दिली. निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ती गेली. कंपनी अपिलांवर अपिलं करत राहिली. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे थांबली.

पुढे १९६८ मध्ये कारखान्याची इमारत पाडली आणि तिचा राडारोडा गावात खड्डे बुजवायला वापरला. ती माती उकरून हलवण्याचं काम सरकारी पर्यावरण खात्याला कित्येक वर्षं पुरलं.

(दृश्य: स्टार्व्ड रॉक. वालुकाश्माचे कडे, अरुंद घळी.)

इथून पुढे युटिका, आणि त्याच्या समोर नदीपलीकडे स्टार्व्ड रॉक हे राज्याचं उद्यान. शिकागोहून सगळे थेट इथेच येतात, वर्षाला वीस लाखांच्या आसपास. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत पोचलात तर पार्किंग मिळेल, नाहीतर फाटकाबाहेर रांग. १८ घळी आहेत. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचा बांध फुटून आलेल्या महापुराने नदीचं खोरं कोरलं, घळींचं काम छोटे ओढे अजून करत आहेत. सेंट लुई आणि फ्रेंच घळीतले धबधबे बघायचे तर वसंतात, पावसानंतर. ऑगस्टमध्ये नुसती ओली भिंत दिसते आणि माणसं हिरमुसतात. जानेवारीत तेच धबधबे गोठून निळसर होतात, आणि नदीवरच्या धरणाखालचं पाणी गोठत नसल्याने टकल्या गरुडांची तिथे मासे पकडायला गर्दी होते. कड्याच्या टोकाशी सेल्फीसाठी मात्र जाऊ नका. वालुकाश्म पायाखाली सुटतो, इथे माणसं पडून गेली आहेत.

गर्दी नको असेल तर जवळच मॅथिसन पार्क आहे. लासालच्या जस्त कारखान्याचे मालक फ्रेडरिक मॅथिसन यांची ही खासगी बाग होती. वेस्टक्लॉक्सची घड्याळंही याच गृहस्थांची. युटिकात १८४८ चं दगडी गोदाम आता संग्रहालय झालंय, तेही अर्ध्या तासात होतं.

(दृश्य: कालव्याची वाट. सावलीतून चालणारी माणसं.)

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले असतील तर एवढं लक्षात ठेवा. स्टार्व्ड रॉकला लाकडी पायऱ्या पुष्कळ आहेत. उतरताना बाबा हो म्हणतील, चढताना गुडघे नाही म्हणतील. त्यांना तिथल्या जुन्या लॉजमध्ये बसवा, किंवा सरळ युटिकाजवळ कालव्याच्या वाटेवर न्या. खेचरांसाठी केलेली वाट आहे, मैलोन्‌मैल सपाट. स्वच्छतागृहं वाटेवर मोजकीच, पाणी आणि पोळीचे रोल घरून घ्या.