ओहोटीच्या वेळेला या

[दृश्य: हारबुर्ग स्टेशन, शनिवारची सकाळ. फलाटावर सॅक लावलेली मुलंमुली.]

निवेदन:

जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून समुद्रकाठच्या कुक्सहाफेनला जाणारी प्रादेशिक गाडी शहराच्या दक्षिण भागातल्या हारबुर्गला थांबते. उन्हाळ्यातल्या शनिवारी या गाडीत आपली मुलं हमखास भेटतात. कुणी नागपूरचं, कुणी लातूरचं, आणि कुणाच्या तरी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर ही गाडी चालते, त्यामुळे प्रवासाचे वेगळे पैसे पडत नाहीत. बुक्स्टेहुडे, श्टाडे मागे पडतं, सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा लागतात, आणि साधारण दीड तासात आपण एल्बे नदीच्या मुखाशी पोचतो.

मी अलिबागकडची. शिकायला हारबुर्गला आले. समुद्र बघायचा म्हणून पहिल्यांदा इथे येणारी बरीच मुलं किनाऱ्यावर उभी राहून गोंधळतात, ते मी पाहिलं आहे.

[दृश्य: कुक्सहाफेनमधला दूनेनचा किनारा. क्षितिजापर्यंत ओला, करडा तळ. पाणी कुठेच नाही.]

हे बघा. समुद्र आहे, पण पाणी नाही. दिवसातून दोनदा ते कित्येक किलोमीटर मागे जातं. मुलं म्हणतात, एवढ्या लांब येऊन चिखल बघायचा? मग दोन-चार फोटो काढतात, पावात घातलेला हेरिंग मासा खातात आणि परतीची गाडी धरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ही फिल्म मी त्यांच्यासाठीच केली आहे. कुक्सहाफेनला यायचं तर गाडीच्या वेळेआधी ओहोटीची वेळ बघा. आणि पाणी गेलेलं असेल तेव्हा बूट हातात घेऊन सरळ आत चालू लागा.

पाणी इतकं लांब का जातं? इथे भरती-ओहोटीतला फरक सरासरी तीन मीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी याहून जास्त चढतं-उतरतं. पण इथला तळ इतका सपाट आहे, की पातळी थोडी खाली गेली तरी मैदानच्या मैदान उघडं पडतं. नेदरलँड्सपासून जर्मनीमार्गे डेन्मार्कपर्यंत हा असाच पट्टा पसरलेला आहे. त्याला वाडन समुद्र म्हणतात. युनेस्कोने २००९ मध्ये त्याच्या डच आणि जर्मन भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये जोडला. दरवर्षी एक कोटीहून जास्त स्थलांतरित पक्षी इथे उतरतात, पोट भरतात आणि पुढे जातात.

त्यांचं पोट भरतं ते या चिखलातल्या जिवांवर.

[दृश्य: वाळूवरच्या वेटोळ्यांचा क्लोज-अप. वाटाड्याच्या हातातलं खोरं.]

पायाखाली जागोजागी या छोट्या कुरडया घातलेल्या दिसतात ना, त्या वाळूत राहणाऱ्या एका किड्याच्या आहेत. तो वाळू गिळतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेली वाळू अशी वर टाकतो. आमच्या वाटाड्याने खोऱ्याने ढेकूळ उलटलं, तेव्हा लातूरच्या मैत्रिणीने आधी दोन पावलं मागे घेतली. मग तीच गुडघ्यावर बसून किती तरी वेळ बघत राहिली. शिंपले, खेकड्याची पिल्लं, कालवं. कालवांनी तळवे कापतात, म्हणून इथे जुने बूट किंवा जाड मोजे घालून चालायला सांगतात. आमच्या बाजूच्या पोरांना हे सांगावं लागत नाही!

वाटाड्या मात्र हवाच. लांबवर जायचं असेल तर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाऊ नका. धोका समोरून येत नाही, तो पाठीमागून येतो. भरतीचं पाणी आधी ओहळांमध्ये शिरतं. तुम्ही समोरचा कोरडा तळ बघत पुढे चालत असता आणि तुमच्या मागचा ओहळ भरून गेलेला असतो. त्यात धुकं उतरलं तर किनारा कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा कळत नाही.

[दृश्य: उघड्या तळावर उभा खांब, त्याला शिडी, वर पिंजरा.]

हा पिंजरा त्यासाठी आहे. अडकलेल्या माणसाने शिडीने वर चढायचं आणि मदत येईपर्यंत, नाहीतर पाणी उतरेपर्यंत, तिथेच थांबायचं. कुक्सहाफेनच्याच झालेनबुर्ग किनाऱ्याहून नॉयवेर्क बेटाकडे जाणाऱ्या वाटेवर असे पिंजरे आहेत.

नॉयवेर्कबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवरचं हे बेट. तिथे १३१० मध्ये पूर्ण झालेला एक बुरूज आहे, पुढे तो दीपगृह म्हणून वापरला गेला. हॅम्बुर्ग शहर इथून शंभर किलोमीटरवर, पण बेट त्याच्याच हद्दीत येतं, आणि हा बुरूज हॅम्बुर्गची सर्वांत जुनी इमारत समजला जातो. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. नाहीतर घोडागाडीने.

[दृश्य: पिवळ्या चाकांच्या उंच घोडागाड्या उथळ पाण्यातून जाताना.]

या गाड्या पहिल्यांदा पाहिल्या आणि मी मोठ्याने ओरडले, ‘अगं, ही तर कुलाब्याची वाट!’ अलिबागचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं झालं. ओहोटीला आम्ही किल्ल्यात चालत जातो, आणि चालायचं नसेल त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात, गुडघाभर पाणी कापत जाणाऱ्या. वेळ चुकली की किल्ल्यात अडकायचं. तिकडेही हाच नियम, इकडेही हाच.

माझे आजोबा भरतीची वेळ तिथीवरून सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. गणिताचा गाभा असा, की भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. इथे आजोबांचं उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. पण रोजचं सरकणं तेच आहे. शनिवारी आम्ही तीनच्या ओहोटीला आत गेलो होतो. रविवारी किती वाजता जायचं, हे मी तक्ता न बघता सांगितलं, ‘चारला थोडं कमी.’ वाटाड्याने खिशातला छापील तक्ता काढून पाहिला आणि विचारलं, कुठून शिकलीस? आजोबांचं नाव जर्मन माणसाला सांगताना मला जो अभिमान वाटला, तो परीक्षेतल्या कुठल्याच गुणांनी वाटलेला नाही.

[दृश्य: संध्याकाळ. भरती. लाकडी कूगेलबाके, त्यामागून जाणारं कंटेनर जहाज.]

नऊच्या सुमाराला पाणी परत आलं. दुपारी जिथे चाललो तिथे आता लाटा. ही लाकडी खूण म्हणजे कूगेलबाके, सुमारे तीस मीटर उंच. इथे एल्बे संपते आणि उत्तर समुद्र सुरू होतो. हॅम्बुर्ग बंदराची अजस्र जहाजं इथून इतकी जवळून जातात, की डबा खाता खाता घास हातातच राहतो. थंडी मात्र उन्हाळ्यातही असते, वाऱ्याचं जाकीट आणा. छत्रीचा इथे काही उपयोग नाही.

जेवणाचं म्हणाल तर उकडलेल्या करंदीएवढ्या कोलंबीचा पाव जरूर खा. ही कोलंबी बोटीवरच उकडतात, आणि तिच्यातली बरीचशी सोलायला थेट मोरोक्कोला पाठवली जाते! आमच्याकडे बायका अंगणात बसून सोलतात ती करंदी मला तिथे फार आठवली.

[दृश्य: हिरवा बांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या.]

रविवारी परतताना समुद्राचं पाणी अडवणाऱ्या या बांधावर चढून बघा. मेंढ्या नुसत्या शोभेच्या नाहीत. त्यांच्या खुरांनी माती दाबली जाते, चरण्याने गवत आखूड आणि घट्ट राहतं, आणि बांध टिकतो. १९६२ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेच्या रात्री, वादळाने समुद्राचं पाणी एल्बेतून वर हॅम्बुर्गपर्यंत ढकललं. बांध फुटले. शहरात ३१५ माणसं गेली, त्यातली बहुतेक विल्हेल्म्सबुर्गमध्ये. हारबुर्गहून शहरात जाताना लोकल रोज त्याच वस्तीतून जाते. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला बांध फुटणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागणार नाही. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची किती तरी वर्षं भात नीट पिकत नाही.

आम्ही या खेपेला नॉयवेर्कपर्यंत गेलो नाही. तिथे एक रात्र राहायचं आता ठरलं आहे. एका ओहोटीला चालत जायचं, दुसऱ्या दिवशी बोटीने परत. ओहोटी, बोट आणि सोमवारचं सकाळचं लेक्चर, तिन्हींचा मेळ सप्टेंबरातल्या एका शनिवारी बसतो आहे. लातूरची मैत्रीण वाटाड्याशी बोलून जागा धरणार आहे, आणि पुऱ्यांचं पीठ मी मळणार आहे.