दार उघडायचं की नाही?

श्रोते हो, नमस्कार.

रविवार सकाळ. लॉस एंजेलिसमधल्या एका घरी चार जोडपी जमली आहेत. नाश्ता आणि जेवण एकातच उरकायचं, म्हणजे ब्रंच. सगळे जुने मित्र. नवा माणूस एकच, ट्रेसीबरोबर आलेला ग्लेन, आणि त्या दोघांची ही जेमतेम तिसरी भेट. गप्पांना रंग चढतोय तोच फोन बंद पडतो, टीव्ही बंद, इंटरनेटही बंद.

‘इट्स अ डिझास्टर’ हा टॉड बर्जर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला २०१२ चा अमेरिकन सिनेमा. ज्युलिया स्टाइल्स, डेव्हिड क्रॉस, अमेरिका फरेरा अशी मंडळी त्यात आहेत. दीड तासाच्या आत संपतो. बाहेर शहर मरतंय, आणि कॅमेरा मात्र या घराला धरून बसलाय.

बातमी घेऊन येतो शेजारी. डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख, तोंडावर मुखवटा. आलाय बॅटरीचे सेल मागायला. शहरात विषारी बॉम्ब फुटलेत, हे त्याच्याकडूनच कळतं. पण त्याला लागलंय ते वेगळंच. आज इथे जेवण आहे आणि मला आमंत्रण नाही! मुखवट्याआडून येणारा तो दुखावलेला आवाज माझ्या कानातून जात नाही. शेजाऱ्याचं हे काम बर्जर यांनी स्वतः केलंय.

मग खिडक्या-दारांच्या फटींवर चिकटपट्ट्या लागतात. अमेरिकन प्रेक्षकाला त्या पट्टीचा इतिहास ठाऊक आहे. २००३ च्या फेब्रुवारीत, रासायनिक हल्ल्याच्या भीतीने, सरकारनेच प्लास्टिक आणि चिकटपट्टी घरात आणून ठेवा असं लोकांना सांगितलं होतं, आणि कित्येक दुकानांतला माल हातोहात संपला होता. ती भीती खरी होती, म्हणून या सिनेमातलं हसू घशात अडकतं.

आणखी एक गोष्ट. यजमान एमा आणि पीट यांनी हे जेवण ठेवलंय ते आपण घटस्फोट घेतोय हे मित्रांना सांगायला. आता शेवट समोर दिसत असताना कसला घटस्फोट? पण नाही. जुन्या कुरबुरी, कुणी कुणाशी काय केलं, सगळं त्याच टेबलावर येतं. मरण दारात उभं राहिलं तरी मानपान आणि रुसवेफुगवे सुटत नाहीत. बर्जर त्याची थट्टा करत नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. इथे विनोद कुणीच करत नाही. जो तो अगदी मनापासून भांडतोय, म्हणूनच आपल्याला हसू फुटतं.

आणि मग दारावर थाप पडते. या कंपूत एक जोडपं आहे, नेहमी उशिरा येणारं. आज तेही उशिराच आलंय, पण विषारी हवेतून. आतल्यांनी दार उघडलं तर ती हवा आत येणार. बाहेर वर्षानुवर्षांचे मित्र, आत त्यांच्याच नावाची ताटं. सिनेमा पाहताना इथपर्यंत मी खळखळून हसत होतो. या प्रसंगात, त्या बंद दाराआडून चाललेल्या बोलण्यात, हसू कुठे विरलं ते मला कळलं नाही.

शेवट मी सांगणार नाही. तो त्याच टेबलाशी होतो. त्या वेळी सगळ्यांच्या हातातल्या ग्लासांवर नजर ठेवा.

नमस्कार.