वाळूत उरलेलं जहाज

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याच जमिनीत खणताना फावडं कशाला तरी अडतं. मातीतून हिरवट पडलेलं तांबं डोकावतं, नाहीतर नक्षीचं खापर. मग हात आपोआप भराभर चालायला लागतात. मला आज बोलायचंय ते त्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल.

त्या पाच मिनिटांत वस्तू तर हाती येते, पण तिच्याभोवतीचं सगळं जातं. जमिनीत रोवलेला लाकडी खांब कुजला की त्याच्या जागी मातीत नुसता काळसर गोल डाग उरतो. असे डाग ओळीनं दिसले की तिथल्या घराचा आराखडा कळतो. फावड्याच्या एका घावात तो डाग मिसळून जातो, आणि आपण एक घर मोडलं हे खणणाऱ्याच्या गावीही नसतं. चुलीतल्या कोळशावरून काळ ठरवता येतो खरा, पण तो कोळसा आणि ती वस्तू एकाच थरात होती, हे कुणीतरी पाहून ठेवलेलं असावं लागतं.

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात सटन हू नावाची जागा आहे. एडिथ प्रेटी या बाईंच्या खासगी जमिनीवर तिथे मातीचे जुने उंचवटे होते. ते खणायला त्यांनी 1938 साली बेसिल ब्राउन यांना बोलावलं. ब्राउन यांच्याकडे पदवी नव्हती. जे शिकले ते स्वतःच्या वाचनातून आणि हातानं काम करून. 1939 मध्ये एका मोठ्या उंचवट्यात त्यांना गंजलेला लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडणारा खिळा, दिसला, आणि त्यांनी हात आवरला. मग प्रत्येक रिव्हेट जागच्या जागी ठेवत, वाळू हलकेच बाजूला करत ते पुढे सरकत गेले. लाकूड केव्हाच विरून गेलं होतं. पण फळ्यांचा ठसा वाळूत तसाच होता. सातव्या शतकातलं, सुमारे 27 मीटर लांबीचं अख्खं जहाज! पुढे अनुभवी पुरातत्त्वज्ञ आले आणि जहाजाच्या मध्यावरच्या दफनकक्षातून शिरस्त्राण, सोन्याचे दागिने, चांदीची भांडी निघाली. ते सारं प्रेटीबाईंच्या मालकीचं ठरलं, आणि त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं.

मला मात्र त्या सोन्यापेक्षा वाळूचं जास्त अप्रूप वाटतं. घाई करणाऱ्याला तिथे मूठभर गंजके खिळे मिळाले असते. जहाज कुणालाच दिसलं नसतं. म्हणून हौशी माणसाला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही.

पण 1987 साली अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या स्लॅक फार्मवर जे झालं त्याला हौस म्हणवत नाही. दहा जणांनी मालकाला 10 हजार डॉलर देऊन खणायचा हक्क घेतला. तिथे मूळ अमेरिकन लोकांची जुनी वस्ती होती, त्यांची दफनभूमी होती. पोलिसांनी थांबवेपर्यंत 450 हून जास्त खड्डे पडले होते आणि माणसांची हाडं आजूबाजूला विखुरली होती. जमीन विकत घेता येते, पण तिच्यात निजलेली माणसंही आपली होतात, हे मला मान्य नाही.

आता सफोकमधल्याच हॉक्सनची गोष्ट ऐका. 1992 साली एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन निघालेल्या निवृत्त माळ्याला रोमन नाणी आणि चांदीचे चमचे लागले. त्यानं थोडं बाहेर काढलं, मग थांबून कळवलं. पुरातत्त्वज्ञ दुसऱ्याच दिवशी हजर झाले. खजिन्याची लाकडी पेटी कुजली होती, तरी आत काय कसं रचलं होतं हे त्यांना टिपता आलं. पुढे हातोडीही सापडली. तीही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या जमिनीत सापडलेलंही कळवावं लागतं, तेव्हा ते आधी विचारून घ्या. आणि वस्तू उचलून घरी आणली असेल, तरी अजून बरंच वाचवता येईल. कुठे सापडली, किती खोल, शेजारची माती कोणत्या रंगाची होती, हे आठवतंय तोवर कागदावर उतरवा. जागेचं चित्र काढा. आणि वस्तू घासूपुसू नका. गंजाला कापडाचा एखादा धागा चिकटलेला असतो, तो धुण्यात निघून जातो.