शनिवारपर्यंत ५०० स्टिकर

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या श्रावणात, एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझा फोन वाजला. परळच्या आमच्या मराठी शाळेला ७५ वर्षं पूर्ण झाली म्हणून रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सगळी तयारी होत आली होती, खाऊचे ४५० डबेही येऊन पडले होते. ते पांढरे कोरे डबे पाहिल्यावर समितीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीच्या मनात आलं, की झाकणावर शाळेचं बोधचिन्ह हवं. "अगं, तू तर डीटीपीच करतेस. शनिवारपर्यंत ५०० स्टिकर होतील ना?"

होतील, म्हटलं. मी २२ वर्षं हेच, छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं काम करते आहे. पत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं, लेबलं, स्टिकर. एवढ्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे. घाईच्या कामात छापखान्यात जाणारा वेळ फार थोडा असतो. काम मशीनवर चढलं की ५०० स्टिकर तासाच्या आत छापून होतात. दिवस जातात ते मजकूर पक्का होण्यात. आणि घोळ होतात ते पक्का झालेला मजकूर कुणी नीट वाचत नाही म्हणून.

त्या संध्याकाळी मी आधी डिझाइनला हात लावला नाही. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ओळखीच्यांचा छपाईचा गाळा आहे, तिथे फोन केला. गणपती पंधरा दिवसांवर आले होते. या दिवसांत मुंबईतले छापखाने मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं आणि पास यांनी भरून गेलेले असतात. आपण विचारतो, "कधी देणार?" समोरचा म्हणतो, "देतो, देतो." त्याचाही नाइलाज असतो. मी विचारलं, "मशीन कधी मोकळं आहे? आणि त्यासाठी फाइल किती वाजता हवी?" उत्तर मिळालं, शुक्रवारी दुपारी १२ वाजता मशीन, फाइल सकाळी १० वाजता. आता मला धरून चालायला एक नेमकी वेळ होती. अर्जंटचे थोडे जास्त पैसे त्यांनी सांगितले, मी घासाघीस केली नाही. आपल्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी काम मागे सरकत असतं, त्याचे ते पैसे.

मग प्रश्न आला तो स्टिकर कशावर छापायचा याचा. समितीतल्या एकांनी व्हिनाईल, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर सुचवला, पाण्याने खराब होत नाही म्हणून. व्हिनाईल चांगलंच. पण रोलवर सॉल्व्हंट शाईने छापलं, की त्या शाईतलं द्रावक उडून जायला साधारण एक दिवस द्यावा लागतो, मगच त्यावर लॅमिनेशन चढवता येतं. घाईने लगेच चढवलं तर कडा वळतात, डिंक मऊ पडतो. आमच्याकडे तो एक दिवस नव्हता. ऑफसेटचं म्हणाल तर त्याच्या प्लेट बनवायच्या, शाई वाळू द्यायची, आणि ५०० नगांसाठी ते परवडतही नाही. राहिली डिजिटल छपाई. १३ बाय १९ इंचांच्या स्टिकर शीटवर छापायचं, वर पातळ लॅमिनेशन आणि प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून सुरी चालवणाऱ्या यंत्रावर, हाफ कट. हे सगळं एका दिवसात बसतं.

हाफ कट म्हणजे काय, ते सांगते. स्टिकरचे तीन थर असतात. वर छापलेला कागद, मध्ये डिंक, आणि खाली सिलिकॉनचा हात दिलेला गुळगुळीत कागद, ज्याला डिंक घट्ट धरत नाही. असा स्वतःच चिकटणारा लेबलाचा कागद अमेरिकेत स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ साली बाजारात आणला. त्याआधी लेबलाला पाणी नाहीतर खळ लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हाफ कटमध्ये सुरी फक्त वरचा थर कापते, खालचा कागद अखंड राहतो. शीट थोडी वाकवली की स्टिकरची कड आपोआप उचलली जाते. फुल कट घेतला तर ५०० सुटे गोल हातात येतात आणि प्रत्येकाचा मागचा कागद नखाने सोडवत बसावं लागतं. शनिवारी रात्री चिकटवणाऱ्या माणसांचा विचार गुरुवारीच करायला हवा.

आकारावरूनही बोलणं झालं. समितीला ३ इंचांचा गोल हवा होता. मी कागदावर मांडून दाखवलं. कापायला जागा सोडून ३ इंची गोल एका शीटवर १५ बसतात, म्हणजे ५०० साठी ३४ शीट. अडीच इंची गोल २४ बसतात, म्हणजे २१ शीट. अर्ध्या इंचाने १३ शीट वाचल्या. छपाई वाचली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कटिंगचा वेळ वाचला, कारण छपाईपेक्षा प्लॉटरच हळू चालतो. डब्याच्या झाकणावर अडीच इंची गोल छान दिसतो, असं सगळ्यांनीच नंतर कबूल केलं.

आता मजकुराकडे वळते. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माझा जीव इथेच अडकलेला असतो.

देवनागरी लिपी फार देखणी आहे आणि छपाईत ती जपावी लागते. गोल स्टिकर म्हटला की प्रत्येकाला नाव कडेने वळवून हवं असतं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ती वळतात. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकलेली. ओळ वळवली की अक्षराअक्षरांत फट पडते, जोडाक्षरं सुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून मी कडेला नुसती नक्षी ठेवते आणि मजकूर मध्ये सरळ ओळीत घेते. अक्षर ८ पॉइंटच्या खाली जाऊ देत नाही. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं मावायला जागा लागते. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर आणखी मोठं घ्यावं लागतं, नाहीतर शाई भरून "घ" आणि "ध" यांतला फरक दिसेनासा होतो.

दुसरं संकट फॉन्टचं. माझ्या कॉम्प्युटरवर नीट दिसणारा मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवर नीट दिसेलच असं नाही. छापखान्यात तो फॉन्ट नसला किंवा सॉफ्टवेअर जुनं असलं, तर पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते. हे मी ऐकून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिराचे १००० स्टिकर मी करून दिले होते. फाइल पाठवली रात्री ११ वाजता, अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे त्यांचं चित्र न बनवता, तशीच उघडी. छापखान्यात कुणी वाचलं नाही, मी प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, मागवलं नाही. रविवारी सकाळी रक्तदात्यांच्या छातीवर लावायला गठ्ठा सोडला, तर प्रत्येक स्टिकरवर "रक्तदान शबिरि". दोन्ही वेलांट्या पुढच्या अक्षरावर गेलेल्या. माणसं रक्त द्यायला रांगेत उभी होती आणि त्यांच्या हातात देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्या सकाळची आठवण आजही मला बोचते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे कुठल्याही मशीनवर ती हलत नाहीत. आणि कागदावरचं प्रूफ हातात घेतल्याशिवाय "छापा" म्हणायचं नाही.

हल्ली प्रूफ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात. आमचंही टाकलं. आठ जणांची समिती. बोधचिन्ह मोठं करा, केशरी रंग गडद करा, स्थापनेचं वर्ष घाला, वर्ष काढा. तासाभरात २६ निरोप आले. त्या सगळ्यांची शाळेवरची मायाच त्यातून बोलत होती, पण अशाने सकाळचे १० कधी वाजतात ते कळत नाही. मी मैत्रिणीला फोन केला, "शेवटचा शब्द कुणाचा, ते एकच नाव मला सांग." तिने आमच्या मराठीच्या बाईंचं नाव सांगितलं. बाई आता ऐंशी पार आहेत, पण चष्मा लावला की एक अनुस्वार सुटत नाही.

रात्री साडेनऊला बाईंच्या नातवाने प्रिंट काढून त्यांना दिली. पाचच मिनिटांत फोन आला. "अगं, विद्यार्थिनी ऱ्हस्व! तू माझ्या वर्गात होतीस ना?" आठ जणांनी पाहून होकार दिलेल्या स्टिकरवर "विद्यार्थीनी" होतं. "विद्यार्थी" दीर्घ, पण "विद्यार्थिनी" होताना मधली वेलांटी ऱ्हस्व होते. मीही त्यावरून तीनदा नजर फिरवली होती. बाई म्हणाल्या, "सरळ वाचलंस ना, म्हणून दिसलं नाही. ओळखीचं वाक्य डोळे वाचतच नाहीत, पुढे पळतात. शेवटच्या शब्दापासून उलटं वाच. बोट ठेवून." मी वाचलं. मेळावा. विद्यार्थिनी. विद्यार्थी. माजी. अमृतमहोत्सव. प्रत्येक शब्द सुटा होऊन समोर उभा राहिला.

मला त्या रात्री गणपत कृष्णाजींची आठवण झाली. १८३१ साली याच मुंबईत त्यांनी शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापायच्या पद्धतीने, मराठी पंचांग छापलं. पंचांगाचं काम म्हणजे किती कडक मुदतीचं, विचार करा. पाडव्याला हातात नसेल तर उपयोग काय? आणि एका तिथीचा आकडा चुकला तर घराघरांतली व्रतं-वैकल्यं चुकणार. वेळही गाठायची आणि अक्षरही जपायचं, ही आपल्या धंद्याची जुनी शिस्त आहे, ५०० स्टिकरांनाही ती लागू आहे.

बोधचिन्हाचंही थोडक्यात सांगते. समितीने ते कुणाच्या तरी व्हॉट्सॲपच्या फोटोतून काढून पाठवलं होतं, धूसर. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे अडीच इंचांसाठी निदान ७५० पिक्सेल. ते चित्र १८० भरलं. शेवटी शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकावरचं बोधचिन्ह स्कॅन करून मी रात्री पुन्हा रेखाटलं. तुमच्याकडे मूळ फाइल असेल तर ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो पाठवताना त्याचा आकार घटतो.

शुक्रवारी सकाळी मी गाळ्यात जाताना खाऊचा एक रिकामा डबा पिशवीत घातला. पहिली शीट निघाली ती मी ट्यूबलाइटखाली पाहिली, मग खिडकीशी नेऊन पाहिली. पडद्यावर झगझगीत दिसणारा केशरी कागदावर नेहमी थोडा मंद उतरतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागदावर शाई असते. आमचा केशरी विटकरीकडे झुकला होता. ऑपरेटर दादांनी काळा काढून टाकला, पिवळा थोडा वाढवला, दुसरी शीट छान उतरली. मग एक स्टिकर कापून डब्यावर लावला. पाच मिनिटांनी कड उचलली गेली. डब्याच्या पुठ्ठ्यावर मेणासारखा थर होता. दादांनी जास्त घट्ट डिंकाची शीट काढली, ती लावून पाहिली, घट्ट बसली. डबा बरोबर नेला नसता तर हे आम्हाला रविवारी कळलं असतं.

दोन शीट जास्तीच्या धरून २३ शीट छापल्या. संध्याकाळी ५ वाजता सगळं हातात होतं. बाहेर पाऊस कोसळत होता. दमट हवेत कागद ओल धरतो आणि वळतो, म्हणून गठ्ठा दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दादांनी दिला. लोकलच्या गर्दीत तो चेंगरला असता, म्हणून टॅक्सी केली आणि तो घरापर्यंत मांडीवर आडवा ठेवला.

शनिवारी रात्री शाळेच्या चौथीच्या वर्गात आम्ही सात जणी बसलो. दोघी डबे पुसत होत्या, चौघी चिकटवत होत्या, एक जण मोजत होती. बाक अजूनही तेच, गुडघे वर येत होते. सव्वादहाला ४५० डबे झाले.

रविवारी बाई आल्या. मुलीचा हात धरून पायऱ्या चढल्या, पहिल्या रांगेत बसल्या. डबा हातात दिला तेव्हा त्यांनी पर्समधून चष्मा काढला, झाकणावर बोट ठेवलं आणि पुटपुटत वाचायला लागल्या. मेळावा. विद्यार्थिनी. विद्यार्थी. माजी. अमृतमहोत्सव. मग चष्मा काढून ठेवला, डबा उघडला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला.

नमस्कार.