ध्यानाला श्रेणी कोणती द्यायची?

नमस्कार. शनिवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवरची गाड्यांची रांग सोसून तुम्ही ठाण्याच्या नौपाड्यात पोहोचलात, म्हणजे एकाग्रतेची परीक्षा तुमची झालीच. (हशा) पत्रिकेवर प्रश्न दोन आहेत: शाळेत ध्यान सक्तीचं करावं का, आणि त्याला श्रेणी द्यावी का? मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

डोळे मिटून बसलेल्या साठ मुलांकडे पाहून शिक्षकाला कळतं काय? पाठ ताठ आहे का, चुळबुळ चालू आहे का, आवाज येतोय का, एवढंच. भिंतीला टेकून पेंगणारा मुलगा यात अ-१ मिळवेल. मन डबा उघडायला गेलं हे ध्यानात येऊन श्वासाकडे परतणारी मुलगी खरं तर नेमकं सांगितलेलं काम करते आहे. पण परतताना ती जरा हलली, म्हणून ब-१!

आता शिक्षक मंडळी हसतील. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारं, संकलित म्हणजे सत्राअखेरचं, आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी. कल्पना उत्तम होती: मुलाकडे नीट बघा आणि दोन ओळी लिहा. झालं काय? तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग त्याच नोंदी व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.’ मुलगी असेल तर ‘होते’. कधी तेवढंही बदलायचं राहतं आणि सहावीतली एखादी मुलगी वर्षभर उत्साहाने सहभागी ‘होतो’. (हशा) यात शिक्षकांना दोष देऊ नका. साठ मुलं, कला-कार्यानुभव धरून नऊ विषय, दोन सत्रं. एका तुकडीच्या १०८० नोंदी झाल्या. शिवाय निवडणुकीची कामं आहेतच. त्यात दहावा विषय ध्यान आणला की नोंद ठरलेली: ‘डोळे मिटून शांत बसतो.’ आणि श्रेणी आली की पाचपाखाडीत क्लास आलाच. ‘ध्यानात अ-१ची हमी, भावंडांना सवलत’. (हशा)

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. सक्तीचा मुद्दा तर तसाच राहिला. भरभर सांगतो.

संविधानाचं २८वं कलम बघा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला संमतीशिवाय कुणाला भाग पाडता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. आपल्या राज्याच्या शाळांसाठीच्या ‘मित्र उपक्रमा’त आनापान आहे, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे बघणं, मंत्र नाही, मूर्ती नाही. तिथवर ठीक. वर्गात ओंकार किंवा तसबीर आली की संमतीचा प्रश्न उभा राहतो. दिल्लीने २०१८मध्ये हॅपिनेस अभ्यासक्रम आणला, ४५ मिनिटांची तासिका दिली, पण परीक्षा ठेवली नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत आठ हजारांवर मुलांवर प्रयोग झाला. २०२२मध्ये निष्कर्ष आले: सरसकट सगळ्यांना शिकवलेलं सजगतेचं ध्यान नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: वेळ सगळ्यांना सक्तीने द्या, ध्यान ऐच्छिक ठेवा, श्रेणी देऊ नका. वेळ परिपाठानंतरची घ्या. मधल्या सुट्टीत डबा खाऊन आलेली मुलं पेंगतात. दुसरीला दोन मिनिटं, आठवीला पाच ते आठ. बाकावर मांडी घालायला लावू नका, पाय जमिनीवर टेकू द्या. श्वास रोखायला किंवा लांबवायला सांगू नका, वर्गात दम्याची मुलं असतात. डोळे मिटायची सक्ती तर नकोच. घरी मार खाणाऱ्या मुलाला डोळे मिटल्यावर तेच दिसू शकतं. त्याला बाकाच्या कडेकडे बघू द्या. ज्याला बसायचं नाही त्याने गुपचूप वाचावं, त्याला कुणी कारण विचारू नये. हसणाऱ्यांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहू नयेत. आणि बाईंनी त्या वेळात हजेरीपट न भरता स्वतः बसावं. हे सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे.

सहामाहीला नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या: बरं वाटतं का, पुढे चालू ठेवायचं का? निम्म्यांनी नको म्हटलं तर ती मिनिटं खेळाला देऊन टाका. मैदान असेल तर. ठाण्यात किती शाळांना मैदान उरलंय, हे पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेला ठेवू.